२४००ची रॅम घेण्याआधी कॅबिनेट उघड

आलेलं पत्र:

"सर, मी अकोल्याचा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या मोठ्या काकांनी त्यांचा २०१२ साली असेंबल केलेला कॉम्प्युटर मला दिलाय. आय५-३५७०के प्रोसेसर, झेड७७ चिपसेटचा बोर्ड, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, १३३३च्या. मी त्यात सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय टाकलंय. लग्नसराईत एका फोटोग्राफरकडे व्हिडिओ एडिटिंगचं काम घेतो, बाकी वेळ गेम. आता प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झला न्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, ओव्हरक्लॉक करायचं तर २४००चीच रॅम लागते, १३३३वर मशीन उठणारच नाही. त्याच्याकडे लाल हीटसिंकवाली २४००ची जोडी आहे, ४-४ जीबी, सीएल ११. घेऊ का? जुन्या दोन रॅमही सोबत ठेवल्या तर १६ जीबी होतील ना? आत्ता त्या प्रोसेसरच्या बाजूच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी आहेत, एक काळ्यात, एक निळ्यात. बाकी मशीन चांगलं आहे, फक्त लाइट जाऊन आली की घड्याळ २०१२ दाखवतं."

बी.एस्सी. दुसरं वर्ष म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा, तेव्हा सरळ अरे-तुरे करतो.

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, आणि १३३३, २४०० हे रॅमच्या वेगाचे आकडे. रॅम घ्यायची की नाही यावर येतोच. त्याआधी तू जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं बघू, कारण खरं दुखणं तिथे आहे. एक स्लॉटचं, दुसरं घड्याळाचं.

काळा आणि निळा रंग कंपनीने शोभेसाठी दिलेला नाही. तुझ्या बोर्डावर रॅमचे चार स्लॉट आहेत आणि प्रोसेसरपासून रॅमकडे जाणारे रस्ते दोन. त्यांना चॅनल म्हणतात. प्रोसेसरच्या बाजूने मोजलं तर पहिले दोन स्लॉट एका चॅनलवर आणि पुढचे दोन दुसऱ्यावर असतात. तुझ्या दोन्ही स्टिक पहिल्या दोनांत आहेत, म्हणजे दोघी एकाच रस्त्याने ये-जा करतायत आणि दुसरा रस्ता रिकामा पडलाय. काकांनी तसंच ठेवलं होतं, की पुण्याहून अकोल्याला येताना कुणी काढून पुन्हा बसवलं, देव जाणे.

आता साधा हिशोब. डीडीआर३चा एक चॅनल ६४ बिटांचा, म्हणजे एका फेरीत ८ बाइट. १३३३ला गुणिले ८ केलं की सेकंदाला साधारण १०.७ जीबी. हे तुझं आजचं. त्याच दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनलवर गेल्या की होतात २१.३ जीबी. आणि ती लाल २४००ची जोडी विकत आणून तू त्याच काळ्या-निळ्या स्लॉटमध्ये शेजारी शेजारी खोचलीस तर? १९.२. म्हणजे पदरचे पैसे घालून घेतलेली नवी रॅम चुकीच्या जागी बसवलीस, तर ती योग्य जागी बसवलेल्या फुकटच्या जुन्या रॅमच्या मागेच राहील.

तेव्हा आज संध्याकाळी हे कर. मशीन बंद कर, भिंतीवरचं बटण बंद कर, वायर काढ. मग पॉवरचं बटण एकदा दाबून धर, म्हणजे एसएमपीएसमध्ये, मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घे, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रॅमच्या टोकांचे खटके उघडून दोन्ही स्टिक काढ, त्यांचे सोनेरी पाय पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पूस आणि चुरा नीट झटक. स्लॉटमध्ये खोडरबराचे कण गेले तर नवीन रडगाणं सुरू होतं. मग प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे एकाच रंगाच्या दोन स्लॉटमध्ये त्या बसव. खटका आपोआप बसेपर्यंत दाब. बहुतेक झेड७७ बोर्डांवर हीच जोडी आधी भरायला सांगितलेली असते. मशीन चालू झालं की सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर उघड आणि मेमरीच्या पानावर चॅनलसमोर काय लिहिलंय ते बघ. आज तिथे 'सिंगल' असणार, ते 'ड्युअल' झालं पाहिजे. त्याच पानावर रॅमचा वेग ६६६च्या आसपास दिसेल. घाबरू नकोस, डीडीआर एका ठोक्याला दोनदा माल वाहते म्हणून दुप्पट करून वाचायचं.

चॅनल दुप्पट झाला म्हणून मशीन दुप्पट पळेल असं मुळीच नाही. ते का, ते खाली येईल. पण यात खर्च शून्य आहे.

आता घड्याळ. लाइट गेल्यावर तारीख २०१२वर जाते म्हणजे बोर्डावरचा चपटा सेल मेलाय. सीआर२०३२ म्हणून माग, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. १० वर्षांहून जुन्या मशीनमध्ये हे व्हायचंच. पण ओव्हरक्लॉक करणाऱ्यासाठी तो सेल फक्त तारखेपुरता नसतो. तो मेला की घड्याळाबरोबर बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममधली, सेटिंग्जही पुसली जाऊ शकतात. तू रात्रभर बसून रॅमचे आकडे जुळवणार, सकाळी महावितरण आपलं काम करणार आणि मशीन पुन्हा मूळपदावर. मग तू म्हणणार, रॅमच खराब आहे. आधी सेल बदल.

दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याचं वाक्य एके काळी अक्षरशः खरं होतं आणि ते मी स्वतः भोगलंय.

ऑगस्ट १९९८मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आणला. बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याचा, वेग ६६ मेगाहर्ट्झ, त्याला साडेचारचा गुणक, मिळून ३००. गुणक कुलूपबंद होता, बदलता यायचा नाही. पण बस १००वर नेली की तोच प्रोसेसर ४५०वर पळायचा आणि त्याच्या कितीतरी पट महाग प्रोसेसरच्या तोंडाला तोंड द्यायचा. आम्ही हॉस्टेलवर हे ऐकलं आणि वेडे झालो. माझ्याकडे ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड होता, तो १००ला तयार होता. रॅम मात्र ६६वाली, ६४ एमबीची एकच स्टिक. बस वाढवली की तिलाही त्याच वेगाने पळावं लागायचं. मशीन चालू केलं, पंखा फिरला, पडदा काळा. रूम पार्टनरची पीसी१००, म्हणजे १००वाली, स्टिक मागून आणली, लावली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ४५० उमटलं. दोन दिवसांनी त्याने ती परत मागितली आणि मी मुकाट्याने ३००वर आलो.

पुढे २००६मध्ये कोअर २ ड्युओ आला तेव्हाही गोष्ट तीच होती. ई६३००चा गुणक ७, बस २६६, वेग १.८६ गिगाहर्ट्झ. बस ४००वर नेली की २.८. त्या ४००सोबत जुळवून चालायला डीडीआर२ ८०० लागायची. म्हणजे प्रोसेसर किती ताणायचा ते रॅम ठरवायची. तुझ्या दुकानदाराचा हात त्या काळात बसलेला असणार.

जानेवारी २०११मध्ये सँडी ब्रिज आला आणि हे नातं तुटलं. आता १०० मेगाहर्ट्झचं एकच मूळ घड्याळ आहे आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्डचा स्लॉट, हार्डडिस्कची साटा जोडणी, सगळी वरात त्याच एका ताशावर चालते. तो ताशा चार-पाच टक्क्यांहून जास्त जोरात वाजवला की कुणाचा ना कुणाचा पाय चुकतो. म्हणून इंटेलने वाट दिली ती गुणकाची. नावाच्या शेवटी 'के' असलेल्या प्रोसेसरचा गुणक मोकळा. तुझा ३५७०के त्याच्या पुढच्या पिढीतला, एप्रिल २०१२चा आयव्ही ब्रिज. ४५ गुणिले १०० केलं की ४.५ गिगाहर्ट्झ. रॅमचा गुणक पूर्ण वेगळा. ती १३३३वर होती, १३३३वरच राहणार. प्रोसेसर ४.५ला गेला हे तिला कळणारसुद्धा नाही.

त्यामुळे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ओव्हरक्लॉकसाठी २४००ची गरज नाही.

मग वेगवान रॅमचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो वेगळा विषय आहे. स्वयंपाकघरात आई फोडणी करते तेव्हा मोहरी-हळद-हिंग मिसळणाच्या डब्यातून घेते. डबा हाताशी असतो. साखर संपली तर फडताळ उघडायचं आणि फडताळातही नसेल तर वाण्याकडे पळायचं. प्रोसेसरचा मिसळणाचा डबा म्हणजे कॅश, तुझ्याकडे ती ६ एमबी आहे. रॅम म्हणजे फडताळ. हार्डडिस्क म्हणजे वाणी. काम डब्यातल्या डब्यात भागत असेल तर फडताळ कितीही चपळ असो, फरक शून्य. म्हणून बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये १३३३ आणि २४०० यांत तुला काडीचा फरक जाणवणार नाही. मोठ्या उघड्या जगाचे गेम, जिथे गर्दी, गाड्या, इमारती एकदम समोर येतात, तिथे मात्र चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरला वेगवान रॅमचा आधार मिळतो. सरासरी फ्रेमपेक्षा ते मध्येच बसणारे झटके कमी होतात. पण तुझं १०५० टीआय बहुतेक नव्या गेममध्ये प्रोसेसरच्या आधी स्वतःच दमतं. कार्ड दमलं असताना रॅम पळवून काय उपयोग? तुझ्याकडे कार्ड नसतं आणि प्रोसेसरमधल्याच एचडी ४०००वर तू गेम खेळत असतास तर मी म्हटलं असतं, वेगवान रॅमवर पैसे घाल, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममध्येच जेवते.

आणि एडिटिंगमध्ये तुला अडवतोय तो वाणी. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि लग्नाची टाइमलाइन मावत नाही. रॅम भरली की विंडोज डिस्कवर पळायला लागतं आणि डिस्क रॅमच्या मानाने इतकी मंद असते की १३३३ आणि २४००च्या वादाला अर्थ राहत नाही. डाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर तर १६ जीबी ही किमान गरज सांगतं. म्हणजे तुला मोठं फडताळ हवंय आणि दुकानदार तुला तेवढंच लहान, पण लाल रंगाचं फडताळ विकतोय.

"जुन्या दोन सोबत ठेवल्या तर १६ होतील ना?" होतील. पण चार स्टिकमध्ये सगळ्यात हळू जी, तिच्या चालीने बाकीच्यांना चालावं लागतं. वारीत दिंडी जशी म्हाताऱ्या माणसाच्या पावलाने जाते तसं. २४००चे पैसे देऊन तू १३३३वर चालणार. लाल जोडीचं एक्सएमपी, म्हणजे रॅममध्येच भरून ठेवलेली वेगाची सेटिंग, चालू करून चौघींना २४००वर न्यायचा प्रयत्न केलास तर १३३३वाल्या बिचाऱ्या पहिल्याच पावलाला बसतील. शिवाय चार स्टिकचा भार मेमरी कंट्रोलरवर दोनपेक्षा जास्त पडतो, जास्त वेगाला चार स्टिक नेणं नेहमीच अवघड. ती लाल जोडी नको.

आता सीएलबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून पहिला माल हातात येईपर्यंत किती ठोके जातात तो आकडा. ठोके, वेळ नव्हे. रॅम जितकी वेगवान तितका तिचा ठोका लहान. म्हणून नुसता सीएल बघून काही कळत नाही, त्याला ठोक्याच्या लांबीने गुणावं लागतं. सोपी रीत: सीएल गुणिले २०००, भागिले रॅमचा वेग. उत्तर नॅनोसेकंदांत येतं.

तुझी १३३३, सीएल ९ धरली तर १३.५ नॅनोसेकंद. बाजारात ढिगाने मिळते ती १६००, सीएल ११, तिचं येतं १३.७५. वेगाचा आकडा मोठा, तरी पहिला माल तुझ्या आजच्या रॅमपेक्षा जरा उशिराच येतो! १६००, सीएल ९ असेल तर ११.२५. १८६६, सीएल १० असेल तर १०.७ आणि सीएल ९ असेल तर ९.६. २१३३, सीएल ११ म्हणजे १०.३. आणि तुझ्या दुकानदाराची २४००, सीएल ११? ९.२. म्हणजे १८६६ सीएल ९ आणि २४०० सीएल ११ यांच्यात पहिला माल यायला अर्ध्या नॅनोसेकंदाचाही फरक नाही. वाहतुकीच्या क्षमतेत २४०० पुढे आहे, ते कबूल, पण दोन चॅनल नीट भरल्यावर तुझ्या चार कोअरना तेवढा माल लागतो कुठे.

माझं मत विचारशील तर ८-८ जीबीची १८६६ची जोडी शोध, सीएल ९ किंवा १०, १.५ व्होल्टवर चालणारी. त्याच भावात २१३३ मिळाली तर घे, आयव्ही ब्रिज ती सहसा विनातक्रार चालवतो. १६०० सीएल ९ मिळाली तरी दुःख नाही. २४०० घेऊच नकोस असं नाही, पण त्या जोड्या बहुधा १.६५ व्होल्ट मागतात, चालतील की नाही हे बोर्ड आणि प्रोसेसरच्या नशिबावर असतं आणि हातात येणारं फार थोडं. जोडी म्हणजे जोडी, एकाच पाकिटातली. एक आज, एक पुढच्या महिन्यात असं नको. आणि उंच शिंगांचा हीटसिंक असेल तर आधी तुझ्या प्रोसेसरवरच्या कूलरखाली तो मावतो का ते मोजून बघ. डीडीआर३ १.५ व्होल्टवर गरमसुद्धा फार होत नाही, ती शिंगं निव्वळ दिखाऊ असतात.

डीडीआर३ आता सेकंडहँडच घ्यायची आणि तिथे खड्डे आहेत. काही वर्षांपूर्वी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात ८ जीबीची एक १६०० स्टिक फार स्वस्तात घेतली. घरी येऊन लावली, पंखे फिरले, बीप-बीप, पडदा काळा. खोडरबर झालं, स्लॉट बदलून झाले. शेवटी भिंगाने स्टिकर वाचला तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं: फक्त एएमडीसाठी. एएमडी म्हणजे इंटेलची प्रतिस्पर्धी प्रोसेसर कंपनी. अशा स्टिक असतात. त्यांच्यावरच्या चिपची आतली मांडणी वेगळी असते, ती एएमडीचे बोर्ड ओळखतात, इंटेलचे ओळखत नाहीत. दुकानदाराला परत द्यायला गेलो तर तो म्हणाला, "साहेब, स्टिकर वाचायचा ना." बरोबरच होतं त्याचं. वाचायला हवा होता.

दुसरा खड्डा सर्व्हरच्या रॅमचा. मोठ्या कंपन्यांतून भंगारात निघालेली डीडीआर३ किलोच्या भावात येते आणि १६ जीबीची एक स्टिक बघून तोंडाला पाणी सुटतं. स्टिकरवर पीसी३-१०६०० (म्हणजे १३३३) किंवा १२८०० (म्हणजे १६००) याच्या पुढे इंग्रजी 'आर' अक्षर असलं की समज, ती रजिस्टर्ड रॅम, तुझ्या बोर्डात चालणार नाही. आपल्याला 'यू' हवा. एका बाजूला ८ऐवजी ९ चिप दिसल्या तरी सावध हो. आणि आपली साधी असली तरी १६ जीबीची एकच स्टिक घेऊ नकोस. आयव्ही ब्रिज एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या वर ओळखत नाही.

विकणाऱ्याकडून आठवडाभराची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घे. तोंडी नको. पहिल्या रात्री पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून मशीन त्यावर चालू कर आणि झोप. सकाळी पडद्यावर लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी स्टिक परत. "एकच तर चूक आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

नवी जोडी मिळेपर्यंत हात शिवशिवत असतील तर जुन्या १३३३वरच शिकून घे. बऱ्याचशा १३३३ स्टिक १६००वर सुखाने चालतात. बायोसमध्ये रॅमचा वेग १६०० कर, टायमिंग, म्हणजे सीएल आणि त्याच्यासारखे ठोक्यांचे बाकी आकडे, आधी ढिलं ठेव, ११-११-११-२८ (पहिला आकडा सीएल), कमांड रेट नावाची सेटिंग २टी, व्होल्ट १.५. उठलं आणि मेमटेस्ट पास झालं की १०-१०-१० कर, मग ९-९-९. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. नाहीच उठलं तर १.५५ व्होल्टपर्यंत जा, त्यापुढे नको, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात आहे आणि रॅमला दिलेला जादा व्होल्ट त्यालाही सोसावा लागतो. मशीन अडकलंच तर बोर्ड दोन-तीनदा आचके देऊन आपणहून मूळ सेटिंगवर येतो. न आला तर वायर काढून तोच चपटा सेल पाच मिनिटं बाहेर ठेव.

हे सगळं होत असताना प्रोसेसर मूळ वेगावरच राहू दे. दोन्ही एकदम ताणले आणि विंडोज कोसळून निळा पडदा आला तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रॅम पक्की झाली की प्रोसेसर. आणि लग्नसराईत यातलं काहीच करू नकोस. अर्धवट ताणलेली रॅम नेहमी मशीन बंद पाडूनच चूक दाखवते असं नाही. कधी ती गप्प राहते आणि कॉपी होणाऱ्या फाइलमधला एखादा बिट उलटा करून ठेवते. गेम असेल तर पुन्हा इन्स्टॉल होईल. सप्तपदीचं फुटेज गेलं तर त्यांना पुन्हा बोहल्यावर कसं चढवणार? फोटोग्राफरचं कार्ड, अल्बम आणि व्हिडिओ ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत, पुसायचं नाही असा नियमच कर.

४.५ गिगाहर्ट्झबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने चिप आणि वरच्या धातूच्या झाकणामध्ये झाळकामाऐवजी पेस्ट वापरली, त्यामुळे ताणला की तो आधीच्या पिढीपेक्षा जास्त तापतो. तुझ्या मशीनमधली झाकणावरची पेस्टही काकांनी कधी बदलली नसेल तर सुकून खडू झाली असणार. आणि तू अकोल्यात आहेस. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७०वर असेल तो तुझ्याकडे मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत ८८वर असणार, बाकी काहीही न बदलता. नेमकी तीच तुझी कमाईची वेळ. इंटेलसोबत आलेला छोटा पंखा ४.५साठी नाही. उभा, बऱ्यापैकी मोठा कूलर घेतलास आणि पेस्ट बदललीस तर ४.२ला थांब. चारही कोअर तासन्‌तास एक्स्पोर्ट करत असताना ४.२ आणि ४.५मधला फरक तुला घड्याळ लावून शोधावा लागेल. आणि हो, खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नकोस. हवा गार लागते खरी, पण त्या ओल्या हवेसोबत बोअरच्या पाण्यातला क्षार आणि धूळ आत जाऊन बोर्डावर पांढरा थर बसतो.

पैशाचं शेवटी. डीडीआर३ पुढच्या मशीनमध्ये जात नाही. हिच्या पायांची संख्या २४०, डीडीआर४ची २८८, खाचसुद्धा वेगळ्या जागी. विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत तुझ्या प्रोसेसरची पिढी नाही. म्हणून या मशीनवर घालायचा खर्च म्हणजे सेल, पेस्ट, कूलर आणि ८-८ची सेकंडहँड जोडी. विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर मात्र रॅमच्याही आधी साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क, घे, ती पुढच्या मशीनलाही लागेल. नव्या कॉम्प्युटरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावू नकोस.

काकांना एक फोन कर. २०१२ साली हौसेने झेड७७ घेणारा माणूस बोर्डाचं खोकं टाकून देत नाही, ते माळ्यावर असणार. त्यात मॅन्युअल असेल आणि त्याच्या सुरुवातीच्याच पानांत चार स्लॉटचं चित्र. कुठली जोडी आधी भरायची ते त्यात बघ आणि सीपीयू-झेडमध्ये चॅनलसमोर काय दिसलं ते मला कळव.